अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधायचेत? साइट, साधी फाइल की झिझिवा

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी बोर्डावर इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, जरा मनापासून खेळायला लागलं की हे प्रश्न पडतातच. रॅकवर (आपल्या सोंगट्या ठेवायच्या पट्टीवर) क्यू होता, यू नव्हता, तर काय लावता आलं असतं? सहा अक्षरी, दुसरं ए, शेवटी ई आणि मध्ये कुठेतरी के, असे शब्द कोणते? उत्तरं शोधायला तीन सोयी आहेत: वर्ड फाइंडर साइट, शब्दयादीची साधी टेक्स्ट फाइल आणि झिझिवा नावाचं सरावाचं सॉफ्टवेअर. तिन्ही वापरून मी एकावर स्थिरावलो आहे. डाव चालू असताना यातलं काहीही उघडायचं नाही, हे गृहीत धरूनच पुढचं लिहितोय.

साइट सोयीची असते, हे आधी कबूल करायला हवं. फोनवर उघडा, अक्षरं टाका, ब्लँकच्या (कुठलंही अक्षर मानता येणाऱ्या कोऱ्या सोंगटीच्या) जागी प्रश्नचिन्ह द्या, लांबीनुसार लावलेले शब्द समोर. जाहिरातींची मला फारशी तक्रार नाही, फुकट वापरतो तर तेवढं चालायचंच. खटकलं ते दुसरंच.

रविवारच्या एका डावात समोरच्याने ट्रिपल लेटरच्या (अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या) घरावर झेड ठेवला आणि आडवं-उभं दोन्हीकडे 'झो' जुळवलं. झेडचे 10, तिप्पट 30, ओचा 1. दोन्ही दिशांचे मिळून 62. डाव संपल्यावर मी तेव्हाच्या माझ्या नेहमीच्या साइटवर पाहिलं, तर असा शब्दच नाही म्हणे. शब्द आहे, हिमालयाकडच्या याक-गायीच्या संकराचं ते नाव. फक्त साइटवर अमेरिकेची यादी आपोआप निवडलेली होती, आणि कुठली यादी उघडी आहे हे सांगणारा मेनू कोपऱ्यात बारीक अक्षरांत. तिथे कॉलिन्स (कॉलिन्स कोशाची स्क्रॅबलसाठीची शब्दयादी) निवडलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अमेरिका. दरवेळी शोधण्याआधी यादी तपासायची, आणि विसरलं की आलेलं उत्तर भरवशाचं नाही. माझा निर्णय झाला तो याच त्रासामुळे.

हा फरक किरकोळ नाही. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर होतात. तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,496 शब्द होते; अमेरिका-कॅनडाची यादी तेव्हा दोन लाखांच्या आत होती. दोन अक्षरी शब्दच पाहिले तर इकडे 127 आणि तिकडे 107. चिकटून लावायच्या सगळ्या समांतर चाली या दोन अक्षरी शब्दांच्या जिवावर चालतात, त्यामुळे वीस शब्द कमी म्हणजे बोर्डावरच्या कितीतरी जागा बंद.

टेक्स्ट फाइलची वाट कंप्युटरशी दोस्ती असणाऱ्यांना आवडेल. ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडची एक ओळ लिहायची, माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्यायची, की टॅकल, रँकल, कॅकल असे शब्द क्षणात पुढ्यात. नेट लागत नाही आणि वेग तर विचारूच नका. पण यादीचा प्रश्न इथेही पाठ सोडत नाही. मॅकमध्ये आयती येणारी शब्दांची फाइल 1934 च्या वेबस्टर कोशावरून केलेली आहे आणि तिच्यात अनेकवचनं जवळजवळ नाहीतच. एस लावून कुठे काय जुळतं, यावर निम्मा खेळ चालतो, मग ती स्क्रॅबलच्या काय कामाची? एनेबल नावाची यादी फुकट मिळते, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्दांची, पण तिच्यात 'क्यूआय' हा दोन अक्षरी शब्दच नाही. क्यू गळ्यात अडकलेला असताना सगळ्यात आधी आठवायचा तो हा शब्द!

झिझिवात यादी आधी निवडायची आणि मग ती तशीच राहते. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. शिवाय अटी एकावर एक लावता येतात: क्यू हवा, यू नको, लांबी इतकी. मग फकीर, तलाक, निकाब, कव्वाली हे आपल्या कानाला सरावलेले शब्द क्यूच्या स्पेलिंगने ओळीत येऊन उभे राहतात, आणि एकदा पाहिले की विसरत नाहीत. त्याहून मोलाचे आहेत हुक. प्रत्येक शब्दाच्या दोन्ही बाजूंना, तिथे जोडता येणारी अक्षरं दिसतात. 'लेट' शोधलं की डावीकडच्या अक्षरांत ई, पी, एस (इलेट, प्लेट, स्लेट), उजवीकडच्यांत आर आणि एक्स (लेटर, लेटेक्स). साइटवर हे कळायला तोच शब्द पुन्हा पुन्हा शोधावा लागला असता. दिसायला मात्र झिझिवा जुनाट आहे, आणि पहिल्यांदा अटींची खिडकी उघडली की बुजायला होतं. फोनवर पटकन एखादा शब्द पाहायचा असेल, तर साइट अजूनही सोपी पडेल, हे मान्य.

फक्त वर्डल (रोज एक पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ) खेळणाऱ्यांना कदाचित माझं म्हणणं लागू होणार नाही. मूळ वर्डलमध्ये जवळपास 13,000 शब्द टाइप करता यायचे, पण उत्तरं 2,315 नेहमीच्या शब्दांतूनच यायची. तिथे कॉलिन्सची प्रचंड यादी उलट गोंधळ घालते, कधी न ऐकलेले शब्द सुचवत राहते. वर्डलसाठी बेतलेली साइटच तिथे बरी.

स्क्रॅबलसाठी मात्र एकदा झिझिवा वापरून बघाच, असं मी सुचवेन. कॉलिन्स निवडा, लांबी दोन ठेवा आणि आलेली यादी हुकांसकट वाचून काढा. दुसरा शोध क्यू आहे, यू नाही, जास्तीत जास्त पाच अक्षरं. एवढं झालं की पुढच्या डावात क्यू हाती आला म्हणून लगेच सोंगट्या बदलायला जाणार नाही.