काळ्या मातीवर एचडीपीईचा गादीवाफा: पिशवी घ्या, सोबतची माती नको

सांगलीत विश्रामबागेत घरामागं आमची अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. सगळी काळी माती. शेतकऱ्याला विचारलं तर सोनं म्हणेल, पण परसात भाजी लावायला गेलं की पावसाळाभर चिखल आणि मार्चपासून बोट आत जाईल एवढ्या भेगा. मधे कधीतरी वाफसा (माती फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी वेळ) येतो आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणाचं तरी लग्न असतं. मेथी टाकावी तर उगवायच्या आधी बी कुजतं. म्हणून तयार मिळणाऱ्या एचडीपीईच्या (जाड प्लॅस्टिक कापडाच्या) वाफापिशव्या घेतल्या. आता त्यांच्यावरून दुसरा उन्हाळा जातोय, तेव्हा बरं-वाईट लिहायला हरकत नाही.

गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, आपल्याला नवा नाही. इकडं हळद आणि साताऱ्याकडं आलं गादीवाफ्यावरच लावतात, कारण कंदाजवळ पाणी थांबलं की तो सडतो. शेतात ट्रॅक्टरनं गादी ओढता येते, दर हंगामाला मोडून पुन्हा करता येते. परसात ट्रॅक्टर आणणार कुठून? तिथं कडेला काहीतरी आधार लागतो. यूट्यूबवाले लाकडी फळ्या दाखवतात. आमच्याकडच्या वाळवीला तेवढंच हवंय.

विटांचे वाफे बांधायचा विचार होता. पण शेजारच्या बंगल्यात तसे बांधलेत आणि दुसऱ्याच मे महिन्यात त्यांच्या दोन कोपऱ्यांना तडे गेले. त्यात गवंड्याचा दोष नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि पाया न घेता उभी केलेली एका विटेची भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. खाली खणून मुरूम भरला तर टिकेल, पण मग वाफा राहत नाही, बांधकाम होतं. पिशवीला हा त्रास नाही. जमीन हलली की ती पण हलते, आणि कुठं काही तुटत नाही. आमच्या भागासाठी ह्या मालाचा खरा फायदा हा आहे, आणि तो कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नाही.

माझी पिशवी सहा बाय तीन फूट, एक फूट उंच, २२० जीएसएमची, बाहेरून हिरवी, आतून काळी. एकीला साडेआठशे रुपये पडले, चार घेतल्या. घेताना जीएसएम (चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये) विचारा. बाजारात १२० आणि १५० चा मालही ह्याच हिरव्या रंगात मिळतो आणि भाव फार उतरत नाही. पातळ पिशवी कोपऱ्याच्या शिलाईतून आधी जाते. माझ्या चारींची शिलाई अजून शाबूत आहे. उन्हाच्या बाजूचा रंग विटलाय, पण चिमटीत धरून ओढलं तर कापड तुटत नाही. विकणारे पाच वर्षं टिकेल म्हणतात. ते पाच वर्षांनी बघू.

दोष दोन आहेत. पहिला म्हणजे लांब बाजूला पोट सुटतं. ओली माती भरली की सहा फुटांच्या मधोमध पिशवी बाहेर येते आणि तीन फुटांची साडेतीन होते. दोन्हीकडून कळकाच्या काठ्या रोवून वरून तारेनं बांधल्या की थांबतं. विकणाऱ्यानं मधे एक पडदा शिवून दिला असता तर हे करावंच लागलं नसतं. दुसरा दोष भोकांचा. पाणी जायच्या रिंगा फक्त कडेला, तळापासून दोन बोटं वर आहेत. पिशवी थेट काळ्या मातीवर ठेवली तर तळाला पाणी साचून वास मारतो. मी खाली तीन इंच मुरूम पसरला आणि तळाला सळईनं आणखी भोकं पाडली, मगच माती भरली.

गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. सहा बाय तीन बाय एक म्हणजे १८ घनफूट, साधारण ५१० लिटर. ओल्या मातीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात जातं. म्हणजे चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास, आणि वापरातल्या गच्चीचं डिझाईन भारतीय मानकाप्रमाणं १५० किलोचा भार धरून करतात. दुकानात हे कुणी सांगत नाही. उलट 'टेरेस गार्डन' असंच लिहिलेलं असतं. गच्चीवर करायचंच असेल तर इंजिनिअरला विचारा किंवा छोट्या कुंड्यांवर भागवा.

आता मातीबद्दल, कारण खरी लूट तिथं आहे. पिशवीसोबत ते 'रेडी मिक्स' गळ्यात मारतात. चाळीस लिटरचं पोतं साडेतीनशेला. एका वाफ्याला तेरा पोती लागतात, म्हणजे साडेआठशेच्या पिशवीत साडेचार हजारांची माती. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, ह्यात सगळं आहे, वरनं काय घालायची गरज नाही." मी तपासायला एकच पोतं आणलं. माझी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळं पोतं उघडल्या उघडल्या ओळखलं. निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) होतं आणि उरलेल्यात चांगलाच बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. न कुजलेला, कोरडा बगॅस. जे कारखाना बॉयलरमध्ये जाळतो ते मी चाळीस लिटरला साडेतीनशे देऊन घरी आणलं होतं. ही तर हसून हसून दमली.

हसण्यावारी न्यायचं सोडून त्याची परीक्षा घेतली. एक भाग माल, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, ढवळून, गाळून ईसी (पाण्यात क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता) बघितला. मीटर २.४ वर गेला, म्हणजे मीठ जास्त. नारळाची सोडणं पुष्कळ ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवतात. ते कोकोपीट गोड्या पाण्यानं नीट धुतलं नाही तर मीठ तसंच आत राहतं. वाळवा-मिरज भागात पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं आपण बघतोच, तेच मीठ विकत आणून वाफ्यात कशाला घालायचं? कच्च्या बगॅसचं दुखणं वेगळं आहे. तो कुजताना जिवाणू मातीतलं नत्र खाऊन टाकतात आणि रोप उपाशी राहतं. एका कुंडीत हा माल आणि दुसऱ्या कुंडीत माझं मिश्रण घालून पालक टाकला. पहिल्या कुंडीतला दोन पानांवरच पिवळा पडून बसला.

माझं मिश्रण एका वाफ्याला असं: नऊ घनफूट पोयटा (नदीकाठची गाळाची माती), पाच घनफूट जुनं शेणखत, तीन घनफूट कुजलेलं मळीचं (कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाचं, प्रेसमडचं) खत, एक घनफूट वाळू आणि दोन किलो निंबोळी पेंड. पोयटा अर्धा ब्रास आणला, चारी वाफ्यांना पुरून उरला. मळी ताजी घेऊ नका. ताज्या ढिगात हात घालवत नाही एवढी ती तापते, शिवाय तिच्यातल्या मेणामुळं पाणी मुरत नाही. काळी पडलेली, मातीसारखा वास येणारी असेल तरच घ्या. पहिल्या पावसाळ्यात माती दोन-तीन इंच बसते. वरून शेणखत घालत राहायचं, एवढंच.

पालेभाजीला ह्या वाफ्यांना तोड नाही. मेथी, पोकळा, शेपू, कांदापात ऐन पावसातही निघते, कारण पाणी थांबतच नाही. भेंडी उत्तम आली, मात्र पांढरी माशी लागली की केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) येतो. ती वाफा उंच आहे म्हणून थांबत नाही. अर्का अनामिकासारखी त्याला तोंड देणारी जात घ्या आणि पिवळ्या शिरांचं झाड दिसलं की उपटून टाका. वांगी बेताची झाली. बंद तळाच्या फूटभर मातीत वांग्याचं झाड मनासारखं पसरत नाही. भरीत केलं तेव्हा ही म्हणाली, "वांगं चांगलंय, पण कृष्णाकाठचं नव्हे." मला मान्य आहे. वांगी ह्यापुढं जमिनीतच लावणार, वरंब्यावर.

उन्हाळ्यात पिशवी जमिनीपेक्षा लवकर वाळते, चारी बाजूंनी ऊन खाते म्हणून. वर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर दिला आणि ठिबकच्या दोन ओळी टाकल्या. फुटाला एक, ताशी चार लिटरचे ड्रिपर. पंधरा मिनिटांत एका वाफ्याला बारा लिटर मिळतं आणि एप्रिलमध्येही तेवढं पुरतं. बोअरचं पाणी खारट असेल तर नळाचं द्या.

नदीकडेच्या लोकांसाठी एक सांगतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं ह्या एक फूट उंचीचा उपयोग पावसाच्या पाण्यापुरताच.

सेवेचं म्हणाल तर माल सांगितल्या दिवशी घरपोच आला, एका पिशवीची रिंग निघालेली होती ती न कुरकुरता बदलून दिली. 'बसवून देण्याचे' पाचशे मागतात ते देऊ नका. घडी उलगडून जमिनीवर ठेवतात, त्याला बसवणं म्हणतात. आणि दुकानात मोठा माल स्वस्त पडतो म्हणून चार फूट रुंदीची पिशवी दाखवतील. दोन्हीकडून फिरायला वाट असेल तर तीन फूट घ्या, कुंपणाला लागून ठेवायची असेल तर दोनच. त्यापुढं मधल्या तणापर्यंत हात पोचत नाही, आणि वाफ्यात पाय द्यावा लागला की माती पुन्हा दाबली जाते.