70-200 लेन्स आणि 37,450 चा चुना

जाहिरात बघून कॅमेऱ्याची जुनी लेन्स घ्यायला गेलो आणि पैसे बुडाले. आधीच सांगतो, "न बघता पैसे पाठवलेच कसे?" हे विचारू नका. घरात विचारून झालंय, सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावरही झालंय.

लेन्स चैनीसाठी नको होती. कुंडलच्या कुस्तीच्या मैदानात मोठ्या जोड्या लागेपर्यंत उजेड गेलेला असतो. माझी 70-300 लेन्स लांबच्या टोकाला एफ 5.6 वर जाते, म्हणजे उजेड कमी आत येतो, आणि शटर 1/250 सेकंदाच्या वर नेता येत नाही. धोबीपछाड बसतो तेव्हा पैलवानाचा पाय म्हणजे नुसता फराटा. एफ 2.8 ला उजेड जास्त येतो, त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेवर) 1/1000 मिळतं. 2023 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून बैलगाडी शर्यतींचंही काम आहे, तिथेही रडगाणं हेच. म्हणून कॅननची ईएफ 70-200 एफ 2.8 एल आयएस, दुसरी आवृत्ती. नवी तिसरी दीड लाखाच्या पुढे, परवडत नाही.

जाहिरातीत 58,000. फुकटात देतोय असं वाटावं इतकी स्वस्त नाही, मग शंका कशाची घ्यायची? विकणारा फौजी. गाव म्हणे अपशिंगे मिलिटरी, साताऱ्याकडचं फौजींचं गाव, बदली झाली, सामान काढतोय. कार्ड, वर्दीतला फोटो, सगळं आलं. आमच्याकडे फौजीवर संशय घेतला तर घरचेच जेवायला वाढणार नाहीत. त्याने बरोबर तिथेच हात घातला. कार्ड बघून कुणीही पाघळू नका, ते कुणाचंही चिकटवता येतं.

आणि आता ते, ज्याने अजून झोप लागत नाही. लेन्सच्या अंगावरच्या फोकसच्या बटणावर जवळात जवळचं फोकसचं अंतर असतं: दुसऱ्या आवृत्तीला 1.2 मीटर लिहिलेलं असतं, पहिलीला 1.4. त्याच्या फोटोत 1.4 होतं. मी झूम करून पाहिलं, विचारलंसुद्धा! तर म्हणतो, "साहेब, खोक्यावर टू लिहिलंय की, ते वाचा." खोकं खरंच दुसऱ्या आवृत्तीचं होतं. लेन्स एकीची, खोकं दुसरीचं, दोन्ही फोटो कुठून तरी उचललेले. एवढं बारीक बघणारा माणूस मी, आणि खोक्याला भुललो. हुडचा (लेन्सच्या तोंडावर लावायच्या आडोशाचा) नंबरही बघत जा: दुसरीला ईटी-87, पहिलीला ईटी-86.

टोकन 3,000. पार्सलची पावती आली, मग 26,000. मग "ट्रान्सपोर्टचा विमा, डिलिव्हरीला परत मिळतो" म्हणून 8,450. परत मिळणारे पैसे कुणी मागितले की तिथेच फोन ठेवा. एकूण 37,450. त्यानंतर नंबर बंद.

पुढची कथा जास्त संतापाची. चौकीत पहिला प्रश्न, "लेन्स म्हणजे चष्म्याची?" मग सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणतात, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. अरे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असते! हे मी साहेबांना ऐकवलं, तर "तुम्ही वकील का?" बँकेची तऱ्हा निराळी. फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, याचं रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक दाखवलं. मॅनेजर म्हणाले, ते परस्पर पैसे गेले तर. तुम्ही पिन स्वतः टाकलाय. म्हणजे चोराने गोड बोलून पिन टाकायला लावला की चोरी माफ! चहा मात्र पाजला.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लगेच करा, यूटीआर (व्यवहाराचा) नंबर हाताशी ठेवून. मी आधी चौकीत रात्र घालवली, तोवर 29,000 पुढच्या खात्यांतून निघून गेले. शेवटचे 8,450 तेवढे गोठवलेत. ते सोडवायला कोर्टात अर्ज करा म्हणतात, आणि वकिलाने फी सांगितलीय 5,000. सांगलीत कुणी असा अर्ज स्वतः केला असेल तर नमुना पाठवा.