पुराच्या बोटीतलं पेट्रोल: स्टॅबिलायझर, पत्र्याचा डबा आणि ई२०, बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, प्रयाग चिखलीच्या अंगाला. मंडळाकडं फायबरची बोट आहे, तिला २५ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम मशीन (आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून बसवायचं इंजिन, दोरी ओढून चालू होणारं). ही बोट वर्षातले दहा-अकरा महिने शेडमध्ये नुसती उभी असते, एखाद्या वर्षी तर पाण्यात उतरतही नाही. पण राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाच्या इशाऱ्यावरून ४३ फुटाच्या धोक्याकडं सरकायला लागली की त्या रात्री मशीन पहिल्या दोन-चार दोऱ्यांत चालू व्हायलाच पायजे, तिथं कारण चालत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण नदीकाठच्या लय गावांत आता बोटी आल्यात आणि बोट, लाइफ जॅकेट, दोर यावर सगळे बोलतात पण पेट्रोलवर कोणच बोलत नाही.

बोट आम्ही जुनी घेतली तेव्हा टाकीत आधीचंच ऑइल मिसळलेलं पेट्रोल होतं, किती दिवसांचं देव जाणे. मशीन काय चालू होईना. उद्यमनगरातल्या एका जाणत्या मेकॅनिकनं कार्बोरेटर खोलला तर खालच्या वाटीत काकवीसारखा चिकट तपकिरी थर आणि जेटची (पेट्रोल मोजून आत सोडणाऱ्या बारीक नळ्यांची) भोकं पार बुजलेली. त्यानं सांगितलेलं सोपं आहे: पेट्रोलमधला हलका भाग, जो थंड मशीन पेटवायला लागतो, तो आधी उडून जातो, आणि जे राहतं ते हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू बिघडून डिंक होतं. ऑइल मात्र उडत नाही, त्यामुळं वाटीतल्या उरलेल्या मिक्सचं प्रमाणही बिघडतं. टाकीत वीस-पंचवीस लिटर असतंय, ते सावकाश खराब होतं, पण वाटीत असतंय जेमतेम काही चमचे, ते सगळ्यात आधी वाळतं आणि नेमकं तिथंच बारीक जेट असतात. बंद मशीनचा निम्मा त्रास तिथंच आहे असं माझं मत झालंय.

काही जण म्हणतात पेट्रोल ठेवायचंच कशाला, पूर आला की पंपावरून आणायचं. २०१९ आठवा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, टँकर येईनात, आणि शहरात जे पेट्रोल शिल्लक होतं ते अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवायची वेळ आली. आणि आमच्यासारख्या गावात तर पंपापर्यंत जायचा रस्ताच पहिला बुडतो. त्यामुळं एका भरीपुरतं पेट्रोल गावातच पायजे, त्यात तडजोड नाही.

आता ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. ऊस घालणारी माणसं आपणच, इथेनॉलला माझा विरोध अजिबात नाही, कारखान्याची बिलं वेळेवर निघायला त्याचा हातभार लागतो हे मला दिसतं. पण बोटीचा प्रश्न वेगळा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आमची बोट उभी असते ती नदीकाठच्या दमट हवेत. थोडं पाणी इथेनॉल आपल्यात मिसळून घेतं, तिथपर्यंत काही बिघडत नाही, पण हद्द ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. मी हे काचेच्या बाटलीत करून बघितलं, पाव लिटरच्या आत पेट्रोल आणि त्यात दोन चमचे पाणी, हलवून ठेवलं. खाली जो थर जमला तो दोन चमचे नव्हता, त्याच्या कितीतरी पट होता, कारण पाण्यानं इथेनॉलही खाली ओढलं. टाकीत पाइप तळातूनच पेट्रोल उचलतो, म्हणजे मशीनला पहिला घोट त्याच थराचा जाणार. आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो, त्यामुळं खालचं काढून वरचं वापरू असंही करता येत नाही. (धुऊन इथेनॉल काढायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका, त्यातही ऑक्टेन जातो आणि आगीचा धोका वेगळाच.) बऱ्याच आउटबोर्ड कंपन्यांच्या मॅन्युअलात इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते, आणि आपल्याकडं पंपावर मिळतंय २० टक्क्यांचं. ते बदलणं आपल्या हातात नाही, पण ते मशीनमध्ये मुक्काम करू द्यायचं का नाही, हे आपल्या हातात आहे.

फ्युएल स्टॅबिलायझर दिवाळीनंतर आणला, पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरला. प्रमाण साधारण १० लिटरला ३० मिली, आणि तो ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा असतो. बिघडलेलं पेट्रोल त्यानं सुधारत नाही, तो फक्त बिघडण्याचा वेग कमी करतो. एका बाटलीत स्टॅबिलायझर घालून आणि एकीत न घालता तेच पेट्रोल सावलीत ठेवलं होतं. उन्हाळा संपताना न घातलेल्याचा रंग गडद झाला होता आणि वासात आंबटपणा आला होता, घातलेलं बरंच ताजं वाटत होतं. म्हणजे काम करतो, पैसे वाया जात नाहीत. पण पाण्याच्या बाटलीवाला प्रयोग स्टॅबिलायझर घालूनही केला, थर तसाच खाली बसला. पाण्यापुढं त्याचं काही चालत नाही. बाटलीवर कितीही मोठा दावा असू दे, झाकण सैल असेल, टाकीच्या झाकणावरचा हवा येण्याचा स्क्रू उघडा राहिला असेल तर स्टॅबिलायझर तुम्हाला वाचवणार नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पेट्रोल फिरतं ठेवण्याचा, आणि तो फुकट आहे. पद्धत अशी: पत्र्याचा घट्ट झाकणाचा २० लिटरचा डबा, त्यात १८ लिटरच भरायचं, वर फुगायला जागा. साधं पेट्रोल, ऑइल न मिसळता. महिना-दीड महिना झाला की ते मंडळातल्या पोरांच्या गाड्यांत ओतायचं आणि ताजं भरायचं, ज्याच्या गाडीत जाईल त्यानं तेवढे पैसे लगेच ठेवायचे, वहीत तारीख आणि नाव. स्टॅबिलायझर घातलेलं पेट्रोलही गाडीला चालतं. पण एकदा टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळलं की ते फोर-स्ट्रोक गाडीत घालता येत नाही, अडकून पडतं, म्हणून मिक्सिंग आधी करायचंच नाही. त्याऐवजी ऑइल मोजून वेगळ्या बाटलीत भरून डब्याच्या कडीला बांधलंय. आमच्या मशीनला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, १८ लिटरला ३६० मिली. रात्री अंधारात, पावसात, घाईत कुणालाही मोजायची वेळ येऊ नये, बाटली ओतली, डबा हलवला, झालं. ऑइल मात्र मरीनचंच घ्या, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, मोटरसायकलचं नको, पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनसाठी ते बनवलेलं नसतं.

मशीन ठेवताना: पाण्याच्या बॅरलमध्ये उभं करून चालू करायचं, पाणी घ्यायची जाळी बुडलेली पायजे नाहीतर थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतला रबरी पंखा) जळेल. गाळ धुऊन निघेपर्यंत चालवायचं, पुराचं पाणी म्हणजे निम्मी माती असते. मग पेट्रोलचा पाइप काढायचा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. तेवढ्यानंही वाटी पूर्ण रिकामी होत नाही, खालचा स्क्रू खोलून उरलेलं काढायचं. ते काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा, पाण्याचे थेंब असतील तर तळाला दिसतात. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, म्हणून पेट्रोल संपवून बंद केलेलं मशीन आतून कोरडं असतं, प्लगच्या भोकातून थोडं फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं ऑइल) मारून दोरी हळू ओढायची. पोर्टेबल टाकी रिकामी, कोरडी, झाकण आणि स्क्रू बंद. ऐन पावसाळ्यात यातलं काही करायचं नाही, तेव्हा टाकी जोडलेलीच आणि दर आठवड्याला चांगलं गरम होईपर्यंत चालवायचं, दोन मिनिटं चालवून बंद करण्यात अर्थ नाही.

डबा कुठं ठेवायचा यावर गावात वाद झाला. बोटीत तर नकोच, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साठून राहते आणि एक ठिणगी पुरते. देवळाच्या खोलीत, समाजमंदिरात, जिथं दिवा लागतो तिथंही नको. आम्ही उंचावरच्या एका गोठ्याशेजारच्या हवेशीर पडवीत ठेवलाय, ऊन येत नाही, जवळ चूल किंवा स्विचबोर्ड नाही. कायद्यानंही मर्यादा आहे, १९३४ च्या पेट्रोलियम अॅक्टनुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं आणि पत्र्याचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. प्लास्टिकचा पाण्याचा कॅन तर हातात धरू नका. जास्त पेट्रोल लागणार असेल तर ग्रामपंचायतीमार्फत तहसील कार्यालयाशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवलेलं बरं.

या पावसाळ्याआधी मशीन तिसऱ्या दोरीला चालू झालं, धूर थोडा, आवाज साफ. राहिलंय ते पाइपचं, जुना रबर इथेनॉलनं मऊ पडलाय आणि पेट्रोल पुढं ढकलायचा पाइपवरचा हाताचा रबरी बल्ब दाबला की परत लवकर फुगत नाही, दोन्ही बदलतोय. शिवाय पाणी वेगळं करणारा फिल्टर घेतोय, खाली पारदर्शक वाटी असलेला, म्हणजे पाणी आलं तर नुसतं बघून कळेल. कुणी २५ एचपीला असा फिल्टर पोर्टेबल टाकीच्या पाइपवर बसवला असेल तर कुठं आणि कसा बसवला ते फोटोसकट सांगा, आमच्या बोटीच्या मागच्या फळीला जागा कमी आहे.