कॉइल म्हणे नवी, आणि रंग ओला!

16,200 रुपये. एका कंडेन्सरपायी, म्हणजे इंजिनाच्या ठिणगीसाठी लागणाऱ्या एका छोट्या पार्टपायी. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी वाचा, बाकीच्यांनी हसून घ्या.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, अर्धा तास पळाली की मिसिंग, आचके, बंद. थंड झाली की पुन्हा चालू. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि निकालच दिला, "साहेब, कॉइल गेली. डिस्ट्रिब्युटरही खलास." (कॉइल ठिणगीसाठी जोरदार वीज तयार करते, डिस्ट्रिब्युटर ती एकेका प्लगला वाटतो.) आता यात माझं काय चुकलं? कॉइल तापून दगा देते तेव्हा हीच लक्षणं दिसतात. तेवढं मला ठाऊक होतं, म्हणूनच तर पटलं. वर त्याचं हुकमी वाक्य : "मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये संपल्या साहेब, आता पार्ट ओळखीतूनच काढावे लागतात."

मग चिठ्ठी. कॉइल 1,850, डिस्ट्रिब्युटर 6,400, प्लग आणि हायटेन्शन वायरी 1,650, कार्बोरेटर ओव्हरहॉल 2,800 (त्याचा इथे संबंध काय, देव जाणे), मजुरी 3,500. पैसे रोखच हवेत म्हणाला. रोख मागितले की पक्कं बिल मागा, तिथेच मागा.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने ती 'नवी' कॉइल कौतुकाने दाखवली. मी बोट टेकवलं, तर बोट काळं. रंग ओला होता! क्लँपच्या जागी रंगाखालून गंजाचं कडं सरळ दिसत होतं. तर म्हणतो कसा, "कंपनीचं ग्रीस असतं ते." पेट्रोलात बुडवलेली चिंधी पुढे केली. मी बोट पुसलं आणि वर त्यालाच थँक्यू म्हणालो. ते थँक्यू आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". काम सुरू होण्याआधीच बजावायचं असतं, जुना पार्ट डिकीत टाक. नंतर कोण देतंय!

पुढच्याच रविवारी खंबाटकी घाट चढताना गाडी बसली. मागे आई, तिच्या मागे ट्रकांचे हॉर्न. टोचन लावून सुरूर फाट्यापर्यंत नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतले पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून निळे-काळे, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ. प्लग बॉडीला टेकवून सेल्फ मारायला लावला. ठिणगी पिवळी, मरतुकडी. निळी, कडक हवी. पॉइंट उघडताना बसणारा झटका कंडेन्सर झेलतो. तो मेला की ठिणगी प्लगवर उडायची ती पॉइंटवरच उडते, आणि गरम झाला की आणखी बिघडतो. म्हणून आधी कंडेन्सर बदलून बघा, सगळ्यात स्वस्त तोच. कंडेन्सर, पॉइंट, फिलरगेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून पॉइंटची फट जुळवणं, मजुरी, सगळं मिळून 580. 'नव्या' डिस्ट्रिब्युटरचा खालचा बोल्ट त्यांनीच दाखवला. गंजाने जागीच धरलेला, कित्येक वर्षांत त्याला पाना लागलेला नव्हता.

मग तक्रार. चौकीत साहेब म्हणाले, हे दिवाणी प्रकरण. हवालदारांना माझ्यापेक्षा गाडीतच रस, "देणार का? पोराला हौस आहे." आरटीओत ऐकलं, खाजगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? त्यावर खांदे उडवले. ग्राहक हेल्पलाइनवर तासभर गाणं ऐकलं, तक्रार क्रमांक मिळाला. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे खरं. पण खिडकीवरच्या बाई चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाल्या, "यावर ना नाव, ना शिक्का, ना तारीख. हे कुणी लिहिलं कशावरून?" म्हणजे चोराने चोरीची पावती द्यायची, तीही जीएसटी नंबरासकट! कॉइलचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या प्रिंट काढून तीन प्रती आणा.

फोटो मात्र काढाच. गाडी सोडताना बॉनेट उघडून कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, सगळ्याचे. पार्टवर पंचने बारीक खूण करा, रंगाने नको, रंग त्याच्याकडेही असतो.

काल हेल्पलाइनचा मेसेज आला. समोरच्या पक्षाने उत्तर न दिल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे, सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?