उभ्या ट्रॅक्टरला ताशी 0.7: गुंठे मोजायच्या जीपीएस यंत्राचे आठ महिने

उभ्या जागी वेग दाखवतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आठ महिने माझं डोकं यानंच उठवलंय. ट्रॅक्टर बंद, यंत्र बॉनेटवर, मी बांधावर चहा पितोय, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ताशी 0.7 किमी. मग 0.4, मग एकदम 1.1. शून्य म्हणून नाही.

यंत्र कशासाठी घेतलं ते माझ्यासारख्या, ट्रॅक्टरनं लोकांची रानं मशागत करून देणाऱ्या रोटरवाल्यांना सांगायला नको. माझा दर गुंठ्याला 50 रुपये, आणि भांडण रान किती यावर. भिलवडीच्या बाजूला एका आप्पांचं 'तीस गुंठं' रान दरवेळी पस्तीस गुंठ्यांचं डिझेल खायचं. टेप धरायला दुसरं माणूस लागतं आणि ते नेमकं रानमालकाचं असतं. शेवटी 4,300 रुपये घातले. बांधाकडेनं एक फेरी मारली की गुंठे स्क्रीनवर. आप्पांचं रान 34 भरलं. "तुझं यंत्र आमचा बांध बी नांगरतंय व्हय रं?" म्हणाले, पण पैसे दिले.

तरी तो 0.7 काही डोक्यातून जाईना. जे उभ्याला चालतं म्हणतंय, त्याच्या गुंठ्यांवर काय भरवसा? विकणाऱ्याला फोन केला. "नॉर्मल आहे सर." पुन्हा केला. "मोकळ्या जागेत ठेवून बघा सर." रानापेक्षा मोकळी जागा सांगलीत कुठं आहे ते त्यानं सांगितलं नाही. कुरियरचे 180 रुपये माझेच, यंत्र सतरा दिवसांनी परत आलं, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. ऐन हंगामात सतरा दिवस टेप ओढली. त्या दिवशी लिहायला बसलो असतो तर दोन स्टारच्या वर गेलो नसतो.

मग आमच्या विज्ञानाच्या सरांचं अर्धा एकर रान करायला गेलो. सर निवृत्त आहेत. त्यांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "उभा आहेस म्हणजे कुणाच्या हिशेबानं?"

मला वाटलं आता शाळा भरणार. भरलीच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यात आपला सांगलीचा पट्टा ताशी सुमारे 1,600 किमीनं पूर्वेला पळतोय. ट्रॅक्टर, बांध, चहाचा कप, सगळं एकत्र पळतं म्हणून आपल्याला उभं वाटतं. जीपीएसचे उपग्रह 20,200 किमी उंचीवर, आणि त्यांचा सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून यंत्र आपली जागा काढतं. तिथून निघालेला सिग्नल प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला 2,99,792 किमी, येतो तरी सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर-ऐंशी लागतातच. तेवढ्यात हा बांध सुमारे 30 मीटर पुढं गेलेला असतो.

30 मीटर! मी तीन गुंठ्यांसाठी भांडणारा माणूस, हातातला चहा तसाच राहिला.

"चालत्या ट्रॉलीतून पुढं दगड मारलास तर त्याला ट्रॉलीचाही वेग मिळतो. प्रकाशाला मिळत नाही," सर म्हणाले. उपग्रह सेकंदाला जवळजवळ 3.9 किमीनं पळतो, पण तो आपल्याकडं येत असो की लांब जात असो, प्रकाशाचा वेग तोच. यंत्राचं सगळं गणित याच एका गोष्टीवर उभं आहे. फक्त हा हिशेब फिरत्या बांधावर बसून केला तर चुकतो, कारण पूर्वेचा सिग्नल लवकर आणि पश्चिमेचा उशिरा पोचल्यासारखा दिसतो. म्हणून तो पृथ्वीबरोबर न फिरणाऱ्या चौकटीतून करायचा आणि मग बांधावर उतरवायचा. माझं 4,300 चं डबडं हे दर सेकंदाला करतंय.

घड्याळांची गोष्ट तर मी आता ज्याला त्याला ऐकवतो. उपग्रहावरचं घड्याळ वेगामुळं दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागं पडतं, आणि तिथं पृथ्वीची ओढ कमी म्हणून 45 पुढं जातं. वजाबाकी करून 38 पुढं. एवढ्या वेळात प्रकाश 11 किमी जातो. 1977 साली जीपीएसच्या चाचणीसाठी एनटीएस-2 हा उपग्रह सोडला तेव्हा आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या हिशेबानं हा फरक दुरुस्त करणारी सोय बसवली होती, पण मुद्दाम बंद ठेवली. वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. ते गणितात सांगितलं होतं जवळपास तेवढंच पुढं गेलं, तेव्हा मग सोय चालू केली. हे मला फार पटलं. नवीन पंप घेतल्यावर आम्हीही पावती बाजूला ठेवतो आणि आधी बादली भरून बघतो.

मग मीही तसंच केलं. स्वतःचं चौकोनी रान टेपनं 31.6 गुंठे, यंत्रानं सकाळी 31.8, दुपारी 31.7. गंमत म्हणजे दुपारच्या नकाशात अख्खं रान चारेक मीटर सरकून भाऊबंदांच्या हद्दीत गेलेलं. (हा नकाशा मी त्यांना दाखवलेला नाही.) चारी कोपरे एकाच बाजूला, सारखेच सरकले, म्हणून गुंठ्यांना धक्का नाही. म्हणजे हद्द ठरवायला हे घेऊ नका, मजुरी ठरवायला घ्या.

आडसाली ऊस डोक्यावर गेला की मात्र भरवसा नाही, एकदा 40 चे 43 झाले. पत्र्याच्या शेडजवळही तेच, सिग्नल पत्र्यावर आपटून लांबच्या वाटेनं येतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा उशीर म्हणजे 30 सेंटिमीटरची चूक.

एवढं सगळं ऐकून मी म्हटलं, "मग सर, हे 0.7 म्हणजे सापेक्षताच की." सर हसले. "नाही रे. ती सिग्नलमधली थरथर आहे. स्वस्त यंत्र. ते आइन्स्टाइनच्या माथी मारू नकोस."

म्हणजे दोष आहेच. महागड्या यंत्रात म्हणे अमुक वेगाखाली सरळ शून्य दाखवतात. बांध ताशी 1,600 नं पळतोय हे ज्याला कळतं, त्याला एक शून्य लिहायला काय होतं? साडेतीन स्टार. अर्धा त्या शून्याचा कापला, एक कुरियरचा.

कोपऱ्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे. आमचा ड्रायव्हर ती अधूनमधून उचलून बघतो. परवा जेवायच्या सुट्टीत लिंबाखालून ओरडला, "मालक, 0.9!"