सिबिल रिपेअर पॅकेज: पैसे मोजण्याआधी आत काय आहे ते बघा

कर्जाचा अर्ज फेटाळला गेला की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. "सर, तुमचा सिबिल 612 दिसतोय. पंचेचाळीस दिवसांत साडेसातशे करून देतो, सेटल्डचा शेरापण काढून देतो. आज निम्मी फी भरा, निम्मी काम झाल्यावर." ("सेटल्ड" म्हणजे कर्ज पूर्ण न फेडता कमी रकमेत मिटवल्याची नोंद.) समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींची भाषाही हीच. या पॅकेजमध्ये नेमकं काय मिळतं, त्यातलं उपयोगाचं किती आणि तेच काम स्वतः करायचं तर कसं, ते इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: या फीमध्ये कामाची गोष्ट एकच असते, ती म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, आणि ती तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. बाकीचं एक तर होतच नाही, नाहीतर झालं तर तुमच्याच अंगाशी येतं.

फी कशाची घेतात

रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले क्रेडिट ब्युरो, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जाची आणि हप्त्यांची नोंद ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपन्या, भारतात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचा कारभार क्रेडिट माहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्याखाली चालतो. त्या कायद्याच्या कलम 21 मध्ये ग्राहकाला दुरुस्ती मागण्याचा हक्क आहे आणि 30 दिवसांची मुदतही आहे. पण त्याच कलमात एक अट आहे: ज्या बँकेनं किंवा वित्तसंस्थेनं नोंद पाठवली, तिनं होकार दिल्याशिवाय ब्युरो त्या नोंदीला हात लावू शकत नाही. त्यामुळे "सिबिलमध्ये आपला माणूस आहे" हे ऐकलं की बोलणं तिथेच आटपावं. आतला माणूस असला तरी त्याला नोंद बदलता येत नाही.

मग एजंट करतो काय? तुमच्याकडून पॅन, जन्मतारीख आणि ओटीपी घेऊन ब्युरोच्या साइटवर तुमच्या नावानं खातं उघडतो. बऱ्याचदा ईमेल स्वतःचा टाकतो. रिपोर्ट काढतो आणि वाईट दिसणाऱ्या प्रत्येक खात्यावर "हे खातं माझं नाही" अशी सरसकट तक्रार ठोकून देतो. रिपोर्टमध्ये त्या खात्यांवर वादाची खूण लागते, तिचा स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवला जातो आणि दुसरा हप्ता मागितला जातो. तीन आठवड्यांनी बँक कळवते की खातं याच ग्राहकाचं आहे, थकबाकीही खरी आहे. खूण निघते, नोंद होती तिथेच राहते. त्यात एखादी तक्रार खरोखरच रास्त असली तरी दहा खोट्या तक्रारींच्या गठ्ठ्यात तिच्याकडे कोण नीट बघणार?

काही जण याच्याही पुढे जातात. रिपोर्टच्या पीडीएफमध्ये आकडे बदलून देतात. ही तर निव्वळ फसवणूक, आणि कुचकामीही, कारण कर्ज देणारी संस्था तुमच्या हातातला कागद बघत नाही, स्वतः ब्युरोकडून रिपोर्ट मागवते. बँकेची बनावट एनओसी, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, करून देणारेही आहेत. तो कागद बँकेत गेला की तुम्ही कर्जदाराऐवजी आरोपी ठरता. "नवीन पॅन काढून देतो, पाटी कोरी होईल" असं सांगणाऱ्याकडे तर फिरकूच नका. एका व्यक्तीला दोन पॅन ठेवता येत नाहीत, आयकर कायद्यात त्याला 10,000 रुपये दंड आहे. शिवाय ब्युरो माणूस ओळखतो तो नाव, जन्मतारीख, मोबाईल, पत्ता हे सगळं जुळवून, त्यामुळे जुनी खाती नव्या पॅनच्या मागोमाग येतात.

सेटलमेंट पॅकेज: सगळ्यात महाग पडणारा प्रकार

"हप्ते भरणं थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवतो." ऐकायला गोड वाटतं. समजा दोन लाखांचं पर्सनल लोन आहे आणि हप्ते आतापर्यंत वेळेवर गेलेत. हप्ता थांबला की रिपोर्टमधल्या थकीत दिवसांच्या रकान्यात, म्हणजे डीपीडीमध्ये, 000 च्या जागी आधी 030, मग 060, मग 090 दिसू लागतं. 90 दिवस उलटले की खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए, ठरतं. वसुलीचे फोन सुरू होतात, दंड आणि व्याज चढत जातं. शेवटी बँक एक लाखावर तयार झालीच, तर उरलेली रक्कम तिचं नुकसान म्हणून नोंदली जाते आणि खात्यापुढे "सेटल्ड" लागतं. एजंट वाचवलेल्या रकमेतला वाटा घेतो तो वेगळाच. पुढच्या कर्जाच्या वेळी शाखेतला माणूस स्कोअरच्या आधी हाच शेरा बघतो.

सेटलमेंट कायमच वाईट, असं मात्र नाही. नोकरी गेली, आजारपणात पैसा संपला आणि पूर्ण परतफेड खरंच अशक्य आहे, तर तो एक मार्ग आहे. फक्त तो बँकेशी थेट बोलून काढावा. रक्कम, तारीख आणि "यानंतर काही देणं उरत नाही" हे वाक्य बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर आल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि भरायचे ते कर्जखात्यातच. वसुली एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

शेरा आधीच लागला असेल तर तो काढण्याचा खात्रीचा रस्ता एकच. बँकेला पत्र लिहून सोडलेली रक्कम विचारायची, ती भरायची, नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं आणि खातं "क्लोज्ड" म्हणून कळवायला लावायचं. मागचे थकलेले महिने त्यानंतरही इतिहासात दिसत राहतात, पण शेरा बदलतो. आधी राइट-ऑफ झालेलं, म्हणजे बँकेनं बुडीत धरलेलं, खातं असेल तर "राइट-ऑफनंतर बंद" अशी नोंद होऊ शकते. ती "सेटल्ड"पेक्षा बरी.

स्वतः करायचं तर

चारही ब्युरोंकडून दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह मोफत मिळतो, 2017 पासून ही सोय आहे. साइटवर महिन्याचे आणि वर्षाचे प्लॅन ठळक दिसतात, मोफत रिपोर्टची लिंक जरा शोधावी लागते. नोंदणी करताना स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल द्या. स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघितला तरी स्कोअर घटत नाही. घटतो तो कर्जासाठी अर्ज केल्यावर संस्था बघते तेव्हा. चारही रिपोर्ट काढा, कारण एका ब्युरोतली चूक दुसऱ्यात असेलच असं नाही.

रिपोर्ट हातात आला की स्कोअरकडे नंतर बघा. आधी खात्यांची यादी बघा. अनोळखी एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं) नाव दिसलं की लोक घाबरतात, पण ॲपवरून घेतलेलं छोटं कर्ज किंवा "आता घ्या, नंतर पैसे द्या" प्रकारची उधारी रिपोर्टमध्ये ॲपच्या नावानं येत नाही, मागे असलेल्या वित्तसंस्थेच्या नावानं येते. ॲपमधला कर्जकरार उघडून कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव जुळवा, मगच फसवणुकीची तक्रार करा. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे एकच कर्ज दोनदा दिसणं. बँकेनं थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं आणि आपली नोंद बंद केली नाही, की बाकी दोन्हीकडे दिसते. मालकीचा रकानाही तपासा. मेहुण्याच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहिलात, तर त्याचे चुकलेले हप्ते तुमच्याही रिपोर्टमध्ये येतात, आणि ती चूक नसते. डीपीडीमध्ये एक्सएक्सएक्स दिसलं तर त्या महिन्याची माहिती संस्थेनं कळवलेली नाही एवढाच अर्थ. वापरायचं सोडून दिलेलं कार्डही बघा. त्यावर वार्षिक फी लागते, मग फीवर व्याज चढतं, आणि काही शे रुपयांसाठी खातं राइट-ऑफ झालेलं असतं.

चूक सापडली की दोन कामं एकाच दिवशी करा. सिबिलच्या बाबतीत लॉगिन करून डिस्प्यूट सेंटरमध्ये जा आणि नेमकं खातं, नेमका रकाना निवडा. "माझा रिपोर्ट चुकीचा आहे" अशी मोघम तक्रार परत येते. "बाकी 14,300 दाखवली आहे, खातं मार्च 2022 मध्ये बंद झालं, एनओसी जोडली आहे" अशी लिहा. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर टिपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तो लागतो. दुसरं काम म्हणजे हाच मजकूर एनओसी, शेवटची पावती आणि खातेउताऱ्यासह बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करणं. दुरुस्तीचा होकार शेवटी तिथूनच येणार असतो. निव्वळ ब्युरोकडे तक्रार करून थांबलं की बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते, कारण बँकेतल्या जुन्या प्रणालीत खातं अजून उघडंच असतं आणि तिथला माणूस तेच बघून "नोंद बरोबर आहे" असं उत्तर देतो.

मुदतीचं गणित पाठ असू द्या. एकूण 30 दिवस. त्यातल्या 21 दिवसांत बँकेनं ब्युरोला उत्तर द्यायचं असतं. मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते, आणि उशीर ज्याचा, भुर्दंड त्याला. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तक्रारीच्या अर्जात बँक खातं किंवा यूपीआय भरायची सोय असते ती याचसाठी, रकाना रिकामा सोडू नका. मात्र "स्कोअर कमी का दिला" या तक्रारीला ही भरपाई लागू नाही, स्कोअरचं सूत्र या नियमाच्या बाहेर आहे. तक्रार फेटाळली तर कारण कळवणं बंधनकारक आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. ब्युरोसुद्धा सप्टेंबर 2022 पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

नोंदी खऱ्या असतील तर

इथे कुठलाही एजंट उपयोगाचा नाही, वेळ आणि हप्ते हेच औषध. आधी चालू थकबाकी संपवा, छोट्यापासून सुरुवात करा. पाचशे रुपये थकलेलं कार्डही रिपोर्टमध्ये थकीत खातंच असतं. कार्डाचा वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असा ठोकताळा आहे. एक लाखाच्या मर्यादेवर सत्तर-ऐंशी हजार खर्च करून शेवटच्या तारखेला पूर्ण भरणाऱ्याचाही स्कोअर दबलेला दिसतो, कारण संस्था ब्युरोंना ठरावीक दिवशी माहिती पाठवतात आणि त्या दिवशी जी बाकी असेल ती जाते. महिन्याच्या मध्यात थोडी रक्कम भरून टाकली की कळवला जाणारा आकडा उतरतो. "किमान रक्कम" भरून डीपीडी वाचतो, पण बाकी आणि व्याज फुगतच राहतं.

कार्ड मिळतच नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. महिन्याला एखादं वीजबिल त्यावर भरा, पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. नकार आला म्हणून त्याच आठवड्यात आणखी पाच ठिकाणी अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. सगळ्यात जुनं कार्ड बिनफीचं असेल तर बंद करू नका. बंद करायचंच असेल तर लेखी सांगा. सात कामकाजाच्या दिवसांत ते झालं नाही आणि बाकी शून्य असेल, तर कार्ड देणाऱ्यानं दिवसाला 500 रुपये द्यायचे असतात.

750 हा आकडा कायद्यात कुठेही नाही. प्रत्येक बँक आपली रेषा आखते. 720 वर थोड्या जास्त व्याजानं कर्ज मिळत असेल, तर तीस अंकांसाठी एजंटला पैसे देणं शुद्ध वेडेपणा.

पैसे देणं कधी परवडतं

पॅन चोरून कुणी आठ-दहा कर्जं उचलली असतील, किंवा कागदपत्रांचं काम घरातल्या वयस्कर माणसाला झेपत नसेल, तर ओळखीच्या सीएकडून किंवा वकिलाकडून पत्रं लिहून घेण्यात गैर काही नाही. काम काय, खाती कोणती, पैसे किती, हे लेखी घ्या. लॉगिन आणि ओटीपी मात्र स्वतःकडेच ठेवा. स्कोअरचा आकडा लिहून देणारा सीए असला तरी नको.

आधीच पैसे भरून बसला असाल तर प्रथम चारही ब्युरोंवरचा पासवर्ड, ईमेल आणि मोबाईल बदला. एजंटनं टाकलेला ईमेल लॉगिनला अडवत असेल, तर ओळखपत्र जोडून ब्युरोच्या ग्राहकसेवेकडे तो बदलून मागा. त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप घेतलं असेल तर ते काढून टाका आणि नेटबँकिंगचा पिन बदला. तुमच्या नावानं केलेल्या खोट्या तक्रारींबद्दल ब्युरोला ईमेलनं कळवा. मग पावती, चॅट आणि व्यवहाराचा क्रमांक घेऊन 1930 वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. महिनाभरानं रिपोर्ट पुन्हा काढा आणि चौकशींची यादी तपासा. त्यात तुम्ही न केलेला एखादा कर्जअर्ज दिसला, तर त्या संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवा.