ओडर कंट्रोल बेडिंग : पाकिटावर लिहिलेलं आणि पिंजऱ्यात घडलेलं

लॅव्हेंडरवाल्या पाकिटापासूनच सुरुवात करते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. कागदाचं बेडिंग, म्हणजे पाळीव उंदरांच्या पिंजऱ्यात खाली पसरायचा थर, मऊ, फिकट जांभळं, वर ठसठशीत लिहिलेलं की १४ दिवस वास येणार नाही. पहिले तीन दिवस खरंच नाही आला. चौथ्या दिवशी जो आला तो म्हणजे मुतारीत कोणी सेंटची बाटली फोडावी तसला, आणि नुसत्या मुतारीपेक्षा तो जास्त डोक्यात जातो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

माझ्याकडे छोटे पाळीव उंदीर आहेत, माइस, त्यात दोन ब्रीडिंगचे गट, म्हणजे पिल्लं घेण्यासाठी ठेवलेले, आणि एक सिरियन हॅमस्टर, उंदरासारखाच पण गुबगुबीत. म्हणजे वासाचा प्रश्न माझ्यासाठी गंमत नाहीये. गेल्या वर्षभरात मिळेल ते बेडिंग वापरून झालं, त्यामुळे कंपन्यांची नावं न घेता मटेरियलबद्दलच लिहिते, तेच जास्त उपयोगाचं.

आधी एक गोष्ट जी पाकिटावर कधीच नसते. ताज्या मुताला तो डोळ्यात जाणारा वास जवळजवळ नसतोच. त्यात युरिया असतो, तो बेडिंगमधले बॅक्टेरिया फोडतात आणि मग अमोनिया सुटतो, आणि त्या बॅक्टेरियांना लागते ओल आणि ऊब. म्हणजे लढाई वासाशी नाही, ओलीशी आहे. जे बेडिंग ओल पटकन आत खेचून पृष्ठभाग कोरडा ठेवतं ते जिंकतं, आणि ज्यात नुसतं अत्तर घातलंय ते म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. शिवाय ते अत्तर आपल्यासाठी असतं हो, त्या बिचाऱ्यांचं नाक दिवसभर त्यातच खुपसलेलं असतं.

आणि आपल्या नाकावर फार विश्वास ठेवू नका. अर्धा तास खोलीत बसलं की आपल्याला वास कळतच नाही. मी बाहेर चक्कर मारून येते आणि सरळ पिंजऱ्यात तोंड घालून बेडिंगच्या लेव्हलला वास घेते, घरचे हसतात, हसू दे. तिथे डोळे चुरचुरले तर उशीर झालाय. रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, पाळणाऱ्यांनी तर हे जास्त मनावर घ्यावं, कारण रॅटमध्ये मायकोप्लाझ्मा या जंतूचं इन्फेक्शन खूप कॉमन असतं आणि अमोनियाने श्वासाचा तो आजार बळावतो. शिंका चालू झाल्या की लोक औषध शोधतात, आधी खालचं बेडिंग बघा ना.

आता एकेक. साधं कागदाचं, बिनवासाचं बेडिंग मला आवडतं, मऊ असतं, बोगदे टिकतात, हॅमस्टर त्यात अख्खा गायब होतो. पाणी शोषतं भरपूर पण अमोनिया फार दिवस धरून ठेवत नाही, आणि स्वस्तातलं घेतलं तर धूळ. धूळ बघायची सोपी पद्धत म्हणजे अंधारात टॉर्च लावून मूठभर बेडिंग झटकायचं. माझ्या एका पाकिटाने असा धुरळा उडवला की मीच शिंकत बसले, ते परत पिंजऱ्यात गेलंच नाही. अॅस्पन या झाडाच्या लाकडाचा भुसा स्वच्छ, धूळ कमी, प्राण्यांना सेफ, पण शोषायच्या बाबतीत आळशी, मूत सरळ तळाला जाऊन साठतं आणि वरून सगळं छान कोरडं दिसतं, म्हणजे फसवणूकच की. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या काड्यांचं बेडिंग, त्यापेक्षा चांगलं निघालं, शोषतंही बरं आणि उडतही नाही, फक्त काही काड्या टोचऱ्या असतात तेवढ्या हाताने काढाव्या लागतात.

सीडर आणि कच्च्या, म्हणजे भट्टीत न वाळवलेल्या, पाइनच्या लाकडाचा भुसा मी घेतच नाही. उघडल्यावर जो मस्त जंगलासारखा सुगंध येतो ना, तीच अडचण आहे, ती हवेत उडणारी तेलं आहेत. १९६७ मध्येच सायन्स मासिकात आलं होतं की अशा सॉफ्टवुड बेडिंगवर ठेवलेल्या माइस आणि रॅटच्या लिव्हरमधली एन्झाइम्स वाढतात, म्हणजे लिव्हर विनाकारण ओव्हरटाइम करत असतं. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली ही तेलं बरीचशी उडून गेलेली असतात म्हणून ते चालतं. 'पाइन' एवढंच लिहिलं असेल आणि कसं वाळवलंय ते लिहिलं नसेल तर मी पाकीट परत ठेवते.

मक्याचे दाणे काढल्यावर उरलेल्या कणसाच्या बारीक तुकड्यांचं बेडिंग, हे प्रकरण जरा वेगळं. अमोनिया दाबण्यात ते खरंच भारी आहे, लॅबमध्येही खूप वापरतात, आणि मी ते कौतुकाने आणलं होतं. पण ओलं राहिलं की बुरशी धरतं, माझे उंदीर तर ते चक्क खात होते, आणि मुख्य म्हणजे त्यात असे घटक सापडलेत जे रॅटमध्ये मादीचं चक्र आणि नराचं मेटिंगचं वागणं बिघडवतात, २००२ च्या आसपास हे संशोधन आलं. नुसता एकटा नर पाळणाऱ्याला कदाचित फरक पडणार नाही, पण ब्रीडिंग करायचं आणि खाली हे पसरायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

जिंकले कोण तर वाळवलेल्या पाइनच्या पेलेट्स, म्हणजे भुसा दाबून केलेले छोटे दाणे. दिसायला रुक्ष, कडक, पाकिटावर फुलं नाहीत काही नाही. मूत पडलं की तो दाणा फुगून त्याचा भुसा होतो, त्यामुळे कुठे ओलं झालंय ते लांबून दिसतं आणि तेवढंच उचलता येतं. कडक असल्यामुळे थेट त्यावर ठेवले तर पाय दुखावतात, विशेषतः जड रॅटना टाचेला फोड येतात, म्हणून तळाला पेलेट्सचा पातळ थर आणि वर जाड कागदाचं बेडिंग असं मी करते. हॅमस्टरला तेवढंही नको, तो एकाच कोपऱ्यात मुततो, तिथे पेलेट्सचा छोटा ट्रे, बाकी सगळीकडे वीतभर जाड कागद, आणि त्या कोपऱ्याशिवाय कुठे हात लावायचा नाही.

खायचा सोडा भुरभुरवण्याचा सल्लाही खूप जण देतात. मीही केलं होतं. पण अमोनिया स्वतःच अल्कलाइन आणि सोडाही अल्कलाइन, मग तो कोण कोणाला मारणार? वर धूळ वेगळी. मांजरांच्या शीच्या ट्रेमध्ये घालतात ते ओलं झालं की गोळा होणारं लिटर तर अजिबात नको, पोटात गेलं तर तिथेही फुगेल.

आणि आता माझी स्वतःची चूक. वास येतो म्हणून मी दर चार दिवसांनी सगळं धुवून पुसून नवं करायचे, आणि नर माइस अजूनच वास मारायला लागले. मग कळलं की त्यांच्या मुतात वास धरून ठेवणारी आणि हळूहळू सोडणारी प्रोटीन्स असतात, ती त्यांची नेमप्लेट आहे. आपण नेमप्लेट पुसली की ते लगेच नवी लावणार, ठसठशीत. आता मी ओला भाग काढते आणि घरट्याचं कोरडं मटेरियल तसंच परत ठेवते, त्याने नरांची भांडणंही कमी झाली. मुताने भिजलेलं बेडिंग मात्र परत टाकायचं नाही, त्याने उलट मारामारी वाढते.

ब्रीडिंगवाल्यांसाठी खरी परीक्षा पुढेच आहे. माइसची मादी साधारण १९ ते २१ दिवसांत विते आणि त्यानंतर आठवडाभर तरी घरट्याला हात लावायचा नसतो, नाहीतर घाबरून पिल्लं खाल्ली जाऊ शकतात. म्हणजे बेडिंगला दहा-बारा दिवस एकट्याने सांभाळायचंय, आई, पिल्लं आणि वाढत जाणारी ओल, सगळं. मी मादी गाभण राहिल्यापासून १६व्या-१७व्या दिवशी सगळं बदलून पेलेट्स आणि कागदाचा थर घालते. लॅव्हेंडरवालं याच वेळी चौथ्या दिवशी गळपटलं होतं आणि मी पिंजऱ्यासमोर हतबल उभी होते, हात घालता येईना आणि वास सहन होईना. पेलेट्सवर मागच्या खेपेला नवव्या दिवशी तोंड घालून बघितलं, डोळे चुरचुरले नाहीत, आणि आत आठही पिल्लं एका ढिगात झोपलेली होती.